ठासणीचा एक बार

मोठ्या गाजावाजाने सुरू झालेल्या गोष्टीतून शेवटी काहीच निष्पन्न झाले नाही, म्हणजे आपण 'फुसका बार' म्हणून हसतो. हा शब्द ज्या बंदुकीच्या संगतीने रूढ झाला ती ठासणीची बंदूक आता वस्तुसंग्रहालयात जाऊन बसली आहे. आपल्या हैदराबादेत सालारजंग संग्रहालयाच्या शस्त्रदालनात गेलात, तर लांबलचक नळीच्या, नक्षीदार दस्त्याच्या जुन्या बंदुका पाहावयास मिळतील. पाहणारे नक्षीची वाखाणणी करतात आणि पुढे जातात. या नळीत किती दारू आणि किती वजनाची गोळी घालीत असत, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः त्या शस्त्राचे सारे मर्म त्या प्रश्नात आहे. एखाद्या मोठ्या जनावराचा अंत क्षणात व्हावयाचा की चार दिवसांच्या यातनांनी, हे त्या मापावर ठरत असे. आजच्या भाषणात त्याच मापाचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी जनावर घेऊ आपल्या रानांतले, सांबर.

सांबराची निवड करण्यास आणखी एक कारण आहे. इंग्रजी शिकारवाङ्मयात 'एल्क' या नावाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. युरोपात एल्क म्हणजे एक प्राणी, अमेरिकेत त्याच नावाचा दुसराच. आणि सिंहलद्वीपात राहणाऱ्या इंग्रजांनी तर आपल्या सांबरालाच एल्क म्हणून टाकले. सॅम्युएल बेकर हा पुढे आफ्रिकेतील आल्बर्ट सरोवराच्या शोधामुळे प्रसिद्धीस आला. त्याच्या १८५४ च्या सिंहलद्वीपातील शिकारीवरील ग्रंथात ज्या एल्कचा पाठलाग सतत चालतो, तो सांबरच होय. पूर्ण वाढलेला नर सव्वादोनशे किलोंपासून तीनशे किलोंपर्यंत भरतो. खांदा रुंद, मानेवर आयाळ, कातडे जाड, आणि जखम अंगावर घेऊन दूरवर निघून जाण्याची शक्ती विलक्षण. अमेरिकेतील एल्क, ज्याला वापिटी असेही नाव आहे, तोही साधारण याच तोलाचा. तेव्हा एकासाठी जो हिशेब बसतो, तो दुसऱ्यासही बहुतांशी लागू पडतो.

प्रथम बंदूक कशी भरत, ते पाहू. दस्ता जमिनीवर टेकवून नळी उभी धरावयाची. शिंगातून मापाने दारू घेऊन ती तोंडातून नळीत ओतावयाची. नंतर तेल किंवा मेण लावलेली चिंधी तोंडावर ठेवून तिच्यावर गोळी ठेवावयाची, आणि गजाने ती थेट दारूपर्यंत ठासत न्यावयाची. शेवटी काना भरावयाचा. तोडेदार बंदुकीत रंजक पेटविण्यास जळती वात लागे. पुढे गारेची ठिणगी आली. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले, आणि त्यातूनच पुढे तांब्याच्या लहान टोपीची बंदूक निघाली. टोपीमुळे वारा-पावसातही बार होण्याची खात्री वाढली. पण एक गोष्ट तिन्ही प्रकारांत कायम राहिली. बार एकदा सुटला की पुन्हा भरण्यास अर्धे मिनिट, कधी त्याहून अधिक जाई, आणि तेवढ्यात सांबर डोंगराआड गेलेले असे. एकनळी बंदूक हाती असणाऱ्यास दुसरी संधी नव्हती. जो विचार करावयाचा तो बार भरतानाच.

आता आपल्याकडील रानांचे स्वरूप ध्यानी घ्या. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद, महादेवपूर, पाखाल, अमराबाद ही सांबरांची नामांकित रानेच होती. आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवटही १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. साग, धावडा आणि बांबू यांची ही राने डोंगरउताराची व नाल्यांची. सांबर बहुधा रात्री चरते आणि उजाडता दाट सावलीत शिरते. शिकाऱ्यास ते दिसावयाचे पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधूक प्रकाशात, पन्नास-साठ पावलांवर, आणि तेही झाडांच्या फटीतून. खांद्यामागे, जेथे काळीज व फुप्फुसे असतात, तेथे गोळी पुरेशी खोल गेली, तर ते थोड्या अंतरावर कोसळते. तीच गोळी पोटात गेली, किंवा खांद्याच्या हाडावर चपटी होऊन थांबली, तर जनावर नाल्यात उतरते, दाट झुडपात किंवा पाण्याकाठी आसरा घेते, आणि पुष्कळदा कोणाच्याच हाती लागत नाही. शिकाऱ्याच्या घरी त्या दिवशी 'शिकार हुकली' एवढेच सांगितले जाते. सांबराच्या दृष्टीने ती हुकलेली नसते.

म्हणून पहिला प्रश्न गोळीचा. आपल्या जुन्या मापात हा हिशेब मोठा सोयीचा आहे. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा म्हणजे १८० ग्रेन, आणि मासा म्हणजे १५ ग्रेन. शिशाची गोल गोळी एक तोळा वजनाची केली, तर तिची जाडी अर्ध्या इंचाहून अगदी किंचित कमी भरते. गोलाचे वजन जाडीच्या घनाप्रमाणे वाढते, हे शाळेतील गणित येथे उपयोगी पडते. जाडी दुप्पट केली की वजन आठपट होते. एक इंच जाडीची गोळी आठ तोळ्यांहून अधिक भरते. म्हणजे नळी थोडीशीच रुंद केली तरी गोळी पुष्कळ जड होते. 'बारा बोअर', 'सोळा बोअर' ही आजही ऐकू येणारी नावे याच हिशेबातली. एका पौंड शिशात नळीच्या मापाच्या जितक्या गोल गोळ्या बसतील, तितका तो बोअर. त्यामुळे आकडा लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरची गोळी सव्वातीन तोळ्यांच्या घरात जाते, तर सोळा बोअरची अडीच तोळ्यांहून थोडी कमी. चितळासारख्या हलक्या जनावरास एका तोळ्याची गोळी पुष्कळ झाली. सांबरास ती शेवटची मर्यादा समजावी. दोन ते तीन तोळ्यांची असेल तर अधिक बरे. गोल गोळीस खोल जाण्याचे बळ मिळते ते मुख्यतः तिच्या वजनातून.

गोळी कशाची, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न. शुद्ध शिसे मऊ असते. ते शरीरात शिरताच पसरते आणि जखम रुंद करते. हरिणवर्गाच्या जनावरांस हेच हवे असते. हत्ती-गव्यांसारख्या जाड कातड्याच्या व भक्कम हाडांच्या जनावरांसाठी शिशात कथील किंवा पारा मिसळून ते कठीण करीत असत. बेकरही मऊ आणि कठीण शिशाचा हा भेद कटाक्षाने पाळी. सांबरास अतिकठीण गोळी घातली, तर ती आरपार निघून जाते आणि मागे अरुंद भोक ठेवते. गावोगाव याहून वाईट प्रकार चाले. साचा नाही, शिसे नाही, म्हणून लोखंडाचे तुकडे, खिळ्यांची डोकी, नाहीतर मूठभर छर्रे नळीत ओतत. अशा वेड्यावाकड्या तुकड्यांना ना दिशा ना खोली. पंधरा-वीस पावलांपलीकडे ते जनावरास मारीत नाहीत, फक्त चाळणी करून सोडतात. साच्यात नीट ओतलेली, खळगा किंवा पोकळी नसलेली गोल गोळी ही शिकाऱ्याच्या प्रामाणिकपणाची पहिली खूण होती.

दुसरा प्रश्न दारूचा, आणि येथे सर्वांत मोठा गैरसमज आढळतो. 'दारू अधिक, तर जोर अधिक' असे बहुतेकांना वाटते. काळी दारू नळीत जळते ती ठराविक वेळात, आणि नळीची लांबी तर ठरलेली. एका मर्यादेपलीकडे घातलेली दारू जळण्यापूर्वीच तोंडातून बाहेर फेकली जाते. नळीपुढे जमिनीवर पांढरे कापड पसरून बार काढला म्हणजे न जळलेले काळे कण त्यावर दिसतात, ही जुन्या शिकाऱ्यांची साधी परीक्षा होती. दारू दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही. साधारणपणे तो तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. खांद्याला बसणारा धक्का मात्र भरपूर वाढतो. आणि धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो! मग मापाचा काय उपयोग?

तर प्रमाण कोणते? एका तोळ्याच्या गोळीस सुमारे अर्धा तोळा दारू, हे मध्यम नळीसाठी चांगले जमलेले माप आहे. गोळी जड होत जाते तसे हे प्रमाण उतरते. चौदा बोअरच्या पावणेतीन तोळ्यांच्या गोळीस पाऊण तोळ्याच्या आसपास दारू पुरते. हत्तीसाठी बेकरने १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्जकडून बनवून घेतलेली रायफल या बाबतीत टोकाची होती. तिची गोळी तीन औंसांची, म्हणजे सव्वासात तोळ्यांच्या पुढची, आणि दारू १६ ड्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच तोळे. पण ती बंदूकच २१ पौंड वजनाची होती. तो धक्का सोसण्यास बंदूक जड हवी आणि बाळगणाराही तसाच हवा. सामान्य शिकाऱ्याने तिचे अनुकरण केले, तर खांद्याचे हाड आणि जुनी नळी दोन्ही धोक्यात.

नळी फुटते ती मात्र बहुधा अधिक दारूपेक्षा बेफिकिरीने. गोळी दारूवर पक्की न बसता मध्येच अडकली आणि दोहोंमध्ये पोकळी राहिली, तर दाब भलत्याच ठिकाणी उसळतो. यासाठी जाणते लोक गजावर खूण करून ठेवीत; बार पूर्ण बसला की खूण नळीच्या तोंडाशी यावी. दुसरी चूक एकावर एक बार ठासण्याची. घाईत आणि भीतीत माणूस आपण बंदूक भरली की नाही, हेच विसरतो. १८६३ मध्ये अमेरिकेतील गेटिसबर्गच्या रणांगणावर गोळा केलेल्या हजारो बंदुकांत एकावर एक दोन-दोन आणि त्याहूनही अधिक बार आढळले होते. शिकवून तयार केलेल्या सैनिकांची ही स्थिती, तर अंधारात मचाणावर बसलेल्या शेतकऱ्याची काय कथा! तिसरे संकट सर्द दारूचे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर उघड्या शिंगातील दारू ओल धरते. मग टोपी फुटते, पण बार होत नाही, किंवा क्षणभर रेंगाळून होतो. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून थांबणे, हाच नियम. शिवाय काळ्या दारूची काजळी दर बारास नळीत साचते. ती पुसून काढली नाही, तर चौथी-पाचवी गोळी तळापर्यंत जातच नाही, आणि पहिलेच संकट पुन्हा उभे राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या सर्व विचाराला नवे वळण मिळाले. फ्रेंच अधिकारी मिन्ये याने १८४९ मध्ये पोकळ बुडाची लांबट गोळी पुढे आणली. बार होताच तिचे बूड पसरून नळीतील पेचदार खाचांत घट्ट बसे, आणि गोळी फिरत फिरत दूरवर जाई. १८५३ ची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावरची. ग्रीस लावलेल्या काडतुसांमुळे १८५७ च्या उठावाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले, हे आपण जाणतोच. तिची गोळी सुमारे तीन तोळ्यांची आणि दारू अवघी साडेचार मासे. सैन्याला शेकडो यार्डांवर मारा करावयाचा होता, आणि त्यासाठी ते माप ठीक होते. पण कमी दारूने निघालेली जड गोळी कमानीसारखी वर चढून खाली येते. अंतराचा अंदाज थोडा चुकला की ती जनावराच्या पाठीवरून जाते किंवा पायाला लागते. पलटणीतील रायफल रानात नेणाऱ्यांना हा अनुभव वारंवार आला.

या अनुभवावर शास्त्रशुद्ध उत्तर शोधले कॅप्टन जेम्स फोर्साइथ याने. टोपीच्या मूळ शोधकाचे आडनाव तेच असले, तरी हा निराळा गृहस्थ. मध्यप्रांताच्या रानांत त्याने नोकरी केली, पचमढीस 'बायसन लॉज' बांधले, आणि मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रकाशित झाला. त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे असे की, हिंदुस्थानच्या रानात जनावर जवळ मिळते. तेव्हा मोठी गोल गोळी, भरपूर दारू आणि सपाट मारा हेच हितावह. अडचण एकच होती. त्या वेळच्या पुष्कळ रायफलींत खाचांचा फेरा तीन-चार फुटांत पुरा होई. भरपूर दारूच्या जोराने गोल गोळी त्या खाचांवरून घसरून जाई आणि नेम बिघडे. फोर्साइथने फेरा अतिशय सैल केला, सुमारे १०४ इंचांत एक. गोल गोळीला थोडीशी फिरकी पुरते, हे त्याने ओळखले. अधिक दारू घालावयाची असेल तर नळीही तिच्याजोगी हवी, नुसते माप वाढवून भागत नाही, हा त्याचा धडा होता. गोळी, दारू आणि नळी या तिघांचा मेळ बसला तरच बार खरा.

असा मेळ बसला तरी गोल गोळीची एक उणीव राहतेच. हवेचा विरोध तिला फार जाणवतो. पहिल्या शंभर यार्डांत ती आपल्या वेगाचा जवळजवळ दोन-पंचमांश भाग गमावते, आणि बळ वेगाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्यामुळे तिच्यात आरंभीच्या बळाचा तिसरा हिस्साच काय तो उरतो. पन्नास पावलांवर सांबराला लोळविणारी गोळी दीडशे पावलांवर त्याला फक्त घायाळ करते. म्हणून जाणता शिकारी कित्येकदा सांबर समोर उभे असतानाही बंदूक खाली करी. मापात अंतरही मोजावयाचे असते, हे तो जाणून होता.

पुढे मागून भरावयाच्या बंदुका आल्या, तयार काडतुसे आली, आणि हा सारा विचार मागे पडला. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या राजा दीनदयाळ यांनी काढलेली शिकारीची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांतील युग या नव्या शस्त्रांचे. आता क्षणात दुसरा आणि तिसरा बार काढता येऊ लागला. चुकीची भरपाई पुढच्या गोळीने करण्याची सवय लागली. जखमी जनावरे कमी होण्याऐवजी शिकारच अमर्याद वाढली, आणि रानांमागून राने ओस पडली. शस्त्र सुधारले म्हणून हात आवरला गेला नाही. उलट तो सैल सुटला.

मौज अशी की, अमेरिकेत आज ठासणीच्या बंदुकीला कायद्यानेच पुन्हा मान मिळाला आहे. कित्येक राज्यांत एल्कच्या शिकारीसाठी केवळ या बंदुकीचा वेगळा हंगाम राखून ठेवतात. कोलोरॅडो राज्याचा नियम असा की, एल्कसाठी नळी निदान अर्ध्या इंचाची हवी आणि गोळी ठराविक वजनाच्या खाली असता कामा नये. अर्ध्या इंचाची गोल गोळी म्हणजे आपली एका तोळ्याचीच गोळी! सांबरास ती शेवटची मर्यादा, असे आपण मघाशी पाहिले. दोन खंडांत, दोन निराळ्या जनावरांसाठी हिशेब एकाच जागी येऊन थांबतो, यात आश्चर्य नाही. कारण हाडामांसाचे नियम सगळीकडे सारखेच.

आपल्याकडे मात्र हा हिशेब करण्याची गरज उरलेली नाही, आणि उरू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबराची शिकार आज बंद आहे. ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली साधारणतः परवाना लागतो. तरीही कोकणात आणि इतर वनप्रदेशांत गावठी ठासणीच्या बंदुका आजही पकडल्या जातात. त्यांत साच्यातली गोळी क्वचितच असते. असतात ते तुकडे आणि छर्रे. दारूला माप नसते, अंतराला विचार नसतो. रात्री पिकाआड हललेली सावली डुकराची आहे, सांबराची आहे की शेजाऱ्याची आहे, एवढेही पाहिले जात नाही. जुन्या विद्येतील जबाबदारी गेली आणि नळी तेवढी उरली, असा हा प्रकार आहे. कायदा मोडणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय ज्या शिकाऱ्यांचे नाव अशी माणसे अभिमानाने घेतात, त्यांच्या दृष्टीनेही हे लाजिरवाणेच ठरले असते.

श्रोतेहो, आदिलाबादकडील कवाल आणि कृष्णेकाठचे अमराबाद ही राने आज व्याघ्रप्रकल्पांत आहेत, आणि सांबर तेथे अजून आहे. जगाच्या हिशेबात त्याची गणना २००८ पासून संकटग्रस्ततेच्या वाटेवरील प्राण्यांत होते, आणि वाघाच्या पोटाचा मोठा आधार तेच आहे. त्या रानांत पहाटे गेलात आणि नाल्यापलीकडून त्याची ठणठणीत इशाऱ्याची साद ऐकू आली, तर थोडे थांबा. त्याच्याकडे पाहण्यास दारूचे माप लागत नाही. मात्र दूरवरून मोटारीचे भोंगे वाजवीत, दिवे पाजळीत जाणारेही त्याला एका परीने जखमीच करतात, एवढे ध्यानात ठेवा. एकच बार हाती असलेल्या माणसाने जे पथ्य पाळावयाचे, की पुरते पाहिल्याशिवाय आणि पुरता विचार केल्याशिवाय काहीही करू नये, ते रानात शिरणाऱ्या प्रत्येकालाच लागू आहे.